काम शोधायला गेला, एवढंच?

ओडिशातल्या सातभायाची बरीच गावं समुद्रानं गिळली. उरलेल्यांना सरकारनं बागपटियाला हलवलं. पण बहुतेक स्थलांतर असं ठळक दिसत नाही. २०१४ ते २०१८ मध्ये ‘डेक्मा’ प्रकल्पात भारत, बांगलादेश, घाना आणि ब्रिटनचे संशोधक एकत्र आले. महानदी, गंगा-ब्रह्मपुत्रा-मेघना आणि व्होल्टा नद्यांच्या त्रिभुज प्रदेशांत त्यांनी घरोघरी विचारलं, गाव का सोडलं? बहुतेकांचं उत्तर : कामधंद्यासाठी. आता बघा, शेतात खारं पाणी शिरलं, पीक गेलं, म्हणून माणूस शहरात गेला, तर कागदावर तो फक्त मजूर. हवामानाचं नावच नाही! म्हणून मदत ठरवताना नुसतं कारण विचारून भागत नाही. घरी मागे कोण राहिलं, तेही विचारा. बऱ्याचदा बायका, म्हातारी माणसं आणि तीच खारवलेली जमीन.