लाजरी सून सभेत उभी राहिली

(मारुंजी येथील साक्षरता वर्गात झालेले भाषण)



वर्गातल्या दोघी-तिघींनी आम्हाला विचारले, "गुरुजी, पोरगी घरात धडाधडा बोलते. शाळेत मात्र तोंड उघडत नाही. काय करावं?"

प्रश्न चांगला आहे. शेजारी हिंजवडीला कंपन्या उभ्या राहिल्या. आपल्या मारुंजीत चहूकडची माणसे खोल्या घेऊन राहू लागली. पोरीची घरची बोली एक, शाळेची दुसरी. कुणी हसले की ती लाजाळूच्या पानासारखी मिटते. मग आपण तिला 'मुकी' म्हणतो. ते आधी बंद करावे. ती मुकी नाही. तिला दोन जागी दोन तऱ्हांनी वागावे लागते, आणि दोन्हींचा मेळ अजून बसलेला नाही.

अशाच एका मुलीची खरी हकिगत सांगतो.

देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. आज ते सांगली जिल्ह्यात येते. यशवंतराव चव्हाण जन्मले ते हेच गाव. तिथे 1862 साली कुर्लेकरांच्या घरी एक मुलगी जन्मली. 1873 साली, अकराव्या वर्षी, तिचे लग्न झाले. नवरा न्यायाधीश महादेव गोविंद रानडे. वय एकतीस, मोठे विद्वान. आणि नवरीला अक्षर ठाऊक नाही! बाई शिकली की नवऱ्याचे आयुष्य सरते, असे तेव्हा लोक म्हणत. तर मुलींना शिकवणार कोण?

सासरी ती रमा झाली. रानडे तिला रात्री शिकवू लागले. दिवसा स्वयंपाकघर, सोवळेओवळे, वडीलधाऱ्या बायकांचा धाक. रात्री पाटी आणि पुस्तक. घरच्या बायकांना हे खपेना. मोठ्याने वाचावे तर टोमणे, हळू वाचावे तरी टोमणे. त्या बायका दुष्ट होत्या असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या हाती कुणी कधी पाटी दिलीच नव्हती. शिकलेली सून आपल्याला विचारणार नाही, ही त्यांची भीती.

पुढे रानड्यांची बदली नाशिकला झाली. तिथे शाळेच्या समारंभात रमाबाईंनी लोकांपुढे पहिले भाषण केले. ते रानड्यांनीच लिहून दिले होते. काहीजण यावर नाक मुरडतील. आम्हाला त्यात काही कमीपणा वाटत नाही. भर सभेत पाय लटपटू लागले की हातातल्या कागदाचा केवढा आधार होतो, हे तुम्हाला सांगायला नको. परवा फळ्यापुढे येऊन वाचताना तुमचेच हात कसे कापत होते!

पुन्हा पुण्यास आल्यावर 1882 साली पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला. आमच्या या रमाबाई त्या सभांना जाऊ लागल्या. पुण्यात मुलींचे हायस्कूल निघावे म्हणून मोठी सभा भरली. मुंबई इलाख्याचे गव्हर्नरसाहेब हजर. त्यांच्यापुढे रमाबाई उभ्या राहिल्या आणि इंग्रजीतून वाचल्या. ते हायस्कूल 1884 साली निघाले. तीच हुजूरपागेची शाळा.

सभेत टाळ्या, आणि घरी काय? घरच्या बायकांनी त्यांना शब्दांनी सोलून काढले. पुरुषांच्या सभेत बाईने बोलावे, तेही साहेबाच्या भाषेत! रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही. पदर सावरून त्या पुन्हा घरकामाला लागल्या. पण सभेला जायचे काही सोडले नाही बरं का! चुलीपुढची सूनही त्याच, सभेतल्या बाईही त्याच. एकीसाठी दुसरीला त्यांनी टाकले नाही. आजच्या सुनेला मात्र आम्ही टोमणे मुकाट सोस असे सांगणार नाही. काळ बदलला आहे.

1901 साली रानडे वारले. आता भाषण लिहून देणारे कुणी नव्हते. तरी 1909 साली रमाबाईंनी पुण्यात सेवासदन सुरू केले. तिथे विधवा आल्या, घर सांभाळणाऱ्या बायका आल्या. कुणी लिहा-वाचायला शिकले, कुणी शिवण. कुणी आजाऱ्यांची शुश्रूषा शिकून परिचारिका झाले. घराबाहेर पडायला भिणाऱ्या बाईला कसे बोलते करावे, हे रमाबाईंना कुणी शिकवायला नको होते. 1910 साली त्यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक छापले. ज्या मुलीला अकराव्या वर्षी 'अ' येत नव्हता, तिने लिहिलेले पुस्तक! 1924 साली त्या वारल्या. 1962 साली सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आता तुमच्या पोरीचे. तिला एकदम पाहुण्यांपुढे उभी करून "म्हण गं कविता" असे दरडावू नका. आधी आईपुढे वाचू द्या, मग आजीपुढे, मग शेजारणीपुढे. घरची बोली तिने सोडावी असेही म्हणू नका. ती घरात तशीच बोलेल, शाळेत शाळेसारखी बोलेल. कुणी हसले तर हसणाऱ्याला समज द्या, पोरीला नको.

आज घरी गेल्यावर हाच धडा तिच्याकडून वाचून घ्या. अडली तर अडू द्या, शब्द पुढे सांगायची घाई करू नका. मग एक पान तुम्ही वाचा. तिला ऐकू द्या.