दुधाचे दात



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ मेहकरच्या या शाळेत आपण जमलो आहोत, त्यांच्या व्याख्यानासाठी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र लहान मुलांच्या दातांविषयी बोलणार आहे. वैद्यकाचा अधिकार मजजवळ नाही. परंतु या बाबतीतली निम्मी हानी एका शब्दाने केली आहे, आणि शब्दांशी माझा जन्मभर संबंध आला.

तो शब्द म्हणजे ‘दुधाचे दात’. आपले कानडी शेजारीही ‘हालुहल्लु’च म्हणतात, हालु म्हणजे दूध, हल्लु म्हणजे दात. शब्द गोड खरा, पण जे दुधाचे ते कच्चे, आज ना उद्या पडणारे, असा अर्थ आपण त्यातून काढतो. संस्कृताने पक्ष्याप्रमाणे दातालाही ‘द्विज’ म्हटले. काश्यपसंहितेत दंतजन्मावर स्वतंत्र अध्याय आहे. बत्तिसांपैकी आठ दात एकदाच उगवतात, उरलेले द्विज, असे तेथे सांगितले आहे. आजच्या गणनेने दोनदा येणारे वीस आणि एकदाच येणारे बारा. आकडा जुळत नसला तरी त्या शब्दात पहिला जन्मही जन्म म्हणून मोजला आहे, हे मला मोलाचे वाटते.

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. तो वरचा असला की मामाला वाईट, म्हणून घरात कुजबुज सुरू होते. कोणता दात आधी आला याची चौकशी गावभर. तो किडला का, हे कोणी विचारीत नाही. अडीच-तीन वर्षांत वीसही दात येतात. पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, परंतु दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत कामाच्या असतात. त्यांच्या मुळाशी पक्के दात घडत असतात. पू तिथवर उतरला तर त्या घडणीलाही बाध येतो. दाढ अकाली काढावी लागली की शेजारचे दात सरकतात आणि पक्क्या दाताला जागा उरत नाही.

महाविद्यालयात जाण्यापूर्वी मी काही काळ प्राथमिक शाळेत शिकवीत असे. दुसरीतला एक मुलगा वाचनाच्या तासाला तोंडच उघडीना. मी त्याला आळशी ठरवले. बाकावर उभे केले. एके दिवशी तो सुजलेला गाल घेऊन आला, तेव्हा कळले की त्याच्या दोन दाढा पार पोखरल्या होत्या. त्याची आई म्हणाली, “गुरुजी, दुधाचेच हायत, पडतील की.” तिला काय दोष देणार? मी तरी निराळे काय जाणत होतो? पुढे वर्षानुवर्षे त, थ, द, ध हे दंत्य वर्ण शिकवताना तो मुलगा डोळ्यांपुढे येई.

दूध दोषी नाही. निजताना तोंडात दिलेली गोड दुधाची बाटली दोषी आहे. झोपेत लाळ कमी सुटते आणि साखर रात्रभर दातांवर राहते.  मूल रडले की हातावर गुळाचा खडा, आणि आता चहात बुडवलेले बिस्किट. गोड किती खाल्ले याइतकेच ते दिवसातून किती वेळा खाल्ले, यालाही महत्त्व आहे. दुसरे असे की, किडीचे जंतू बाळ जन्मतः घेऊन येत नाही. बहुधा घरातल्यांच्याच, विशेषतः आईच्या, लाळेतून ते त्याला मिळतात. आपण चाखलेला चमचा त्याच्या तोंडात घालू नये. आईचे दात दुरुस्त करून घेणे हीदेखील बाळाचीच काळजी होय.

दात येण्यापूर्वी स्वच्छ ओल्या फडक्याने हिरड्या पुसाव्यात. पहिला दात दिसताच मऊ ब्रश घ्यावा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे, पुढे वाटाण्याएवढी. रात्री दात घासल्यावर पाण्याखेरीज काही देऊ नये. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाने स्वतः ब्रश फिरवला तरी मोठ्यांनी एकदा घासून द्यावे. पहिल्या वाढदिवसापर्यंत दंतवैद्याला दाखवून घ्यावे. राखुंडी आणि विटेची पूड दात झिजवतात. मशेरीचे तर नावच नको. दंतमंजनात तंबाखू घालण्यावर १९९२ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली, तरी मशेरी घरोघरी भाजली जातेच. आजीच्या डबीतली चिमूट नातीच्या बोटावर येते, हे मी पाहिले आहे.

आता गुरुजनांकडे एक मागणे. सहाव्या वर्षी, म्हणजे मूल पहिलीत असताना, दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती आली हे घरी कळतच नाही. कळले तरी तीही दुधाचीच समजतात. ती एकदाच येणारी आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्यपथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. दातांची तपासणी त्यात अंतर्भूत आहे. पथक आले की पहिलीच्या मुलांना आधी पुढे करावे, आणि ती मागची दाढ दाखवून घ्यावी. जे मूल तोंड उघडायला तयार नसेल, त्याला बाकावर उभे करू नये.