वावरातली बातमी

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाचा ठराव दुपारी येणारच आहे, म्हणून त्यावर आता बोलत नाही. आम्हाला अर्धा तास दिला आहे तो वेगळ्या गोष्टीसाठी. तुमच्या खिशातल्या फोनवर दिवसभर शेतीचे जे सल्ले, फोटो आणि दुवे येतात आणि तुम्ही अंगठ्याने जे पुढे ढकलता, त्याबद्दल बोलायचे आहे. विषय किरकोळ वाटेल. पण या जिल्ह्यातले पीक गेले ते पुष्कळदा पावसाने गेले तसे बातमी वेळेवर न आल्यानेही गेले आहे, आणि त्याचा हिशेब आपण कधी मांडलेला नाही.

आधी दोन बातम्या सांगतो. दोन्ही गुजरातच्या, दोन्ही कपाशीच्या.

२००१ साली गुजरातेत नवभारत १५१ नावाचे वाण शेतकऱ्यांच्या वावरात उभे होते. त्यात बीटीचा गुण होता, सरकारची परवानगी नव्हती. सरकारला पत्ता लागला तेव्हा हजारो एकरांवर पीक डोलत होते. जाळून टाका असा हुकूम निघाला, आणि पुढच्याच मार्चमध्ये, २००२ साली, त्याच सरकारने बीटी कपाशीला परवानगी दिली. बोंडअळी लागत नाही ही खबर शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे गेली होती. तिला ना कृषी खाते लागले, ना विद्यापीठ.

दुसरी बातमी त्यानंतरची. त्याच गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही हे २०१० साली कंपनीनेच कबूल केले. मग २०१४ आणि २०१५च्या हंगामात दोन जनुकांच्या बीटी कपाशीतही तीच अळी निघाली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. केशव क्रांती यांनी २०१५ साली हे स्वच्छ लिहून ठेवले. लिहिले कुठे? मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या इंग्रजी साप्ताहिकात. व्यापाऱ्याला कळले, गिरणीवाल्याला कळले. आपल्याला कधी कळले? २०१७च्या हंगामात, वेचणीच्या वेळी बोंड फोडल्यावर.

पहिली बातमी वाऱ्यासारखी आली आणि दुसरी वाटेत दोन वर्षे अडकली, असे का? आमच्या मते कारण सरळ आहे. पहिलीच्या पाठीशी पाकीट विकणारा होता. दुसरीत कोणाला काही विकायचे नव्हते. उलट पऱ्हाटी लवकर उपटा, फरदड घेऊ नका, असे खर्च वाचवणारे सांगणे होते. खर्च वाचवणाऱ्या बातमीला कोणी गाडीभाडे देत नाही. ती आपल्याच पायांनी न्यावी लागते.

आणि ही अळी अशी आहे की एकट्याच्या हुशारीला ती भीक घालत नाही. ती मुख्यतः कपाशीवरच जगते. अंड्यातून निघाली की कळीत किंवा बोंडात शिरते, शिरल्याचे भोक बुजते आणि बोंड बाहेरून हिरवेगार दिसते. आत गेलेल्या अळीवर वरून कितीही फवारा, तिला काही होत नाही. हंगाम संपला की ती सरकीत, पऱ्हाटीत, फरदडीत झोपून राहते. तुम्ही डिसेंबरअखेर रान मोकळे केले आणि धुऱ्यापलीकडच्याने मार्चपर्यंत पाणी देऊन फरदड ठेवली, तर त्याच्या वावरातला पतंग तुमच्याकडे येणारच. तेव्हा शेजाऱ्याला सांगणे हा इथे उपकार नाही, स्वतःच्या पिकाचे राखण आहे.

आता फोनकडे येऊ. आम्ही शेतीचे शिक्षण घेतलेली माणसे. आमच्याकडे असे संदेश रोज तपासायला येतात: दादा, हे खरे आहे का? परवाचाच एक घ्या. ‘कपाशीवर जबरदस्त रिझल्ट, अमुक औषध पंपाला तीस मिली, शंभर टक्के खात्री.’ पंप म्हणजे कोणता? कोणाचा दहा लिटरचा, कोणाचा पंधराचा, बॅटरीवाला सोळा किंवा वीसचा. पेट्रोल पंपाला पाणी कमी लागते, म्हणून त्याच्या टाकीतली मात्रा निराळी ठेवावी लागते. म्हणजे ‘पंपाला तीस मिली’ हे माप एकाला निम्मे पडेल आणि दुसऱ्याला दुप्पट. विद्यापीठाची शिफारस हेक्टरी असते आणि आपण बोलतो एकरी; तिथे अडीचपटीचा घोळ ठेवलेलाच आहे. आणि ‘शंभर टक्के खात्री’ कोणाची, हे कुठेच लिहिलेले नाही.

२०१७च्या त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, उकाडा, नाकातोंडाला काही नाही, आणि टाकीत दोन-दोन, तीन-तीन औषधांचे कॉकटेल. ते कॉकटेल कोणत्या पुस्तकात होते? कोणत्याही नव्हते. कोणीतरी कोणाला सांगितले, त्याने तिसऱ्याला. बरेचदा सांगणारा दुकानदार असतो, कारण उधारी त्याची असते. ज्याच्याकडे खाते आहे त्याचाच सल्ला ऐकावा लागतो. त्या माणसांना दोष देऊन काही होणार नाही. पण आपल्या ग्रुपवर ‘हे आणि हे मिसळून मारा’ असे येते तेव्हा त्याखाली एवढे तरी विचारायला हवे: डब्याच्या लेबलावर तसे छापले आहे का? आणि ज्याला पुढे पाठवायचेच आहे त्याने हे पाठवावे: फवारताना गरगरले, मळमळ झाली, अंधारी आली, तर ताबडतोब वावराबाहेर या, कपडे काढा, साबणाने अंग धुवा, आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा बरोबर न्या. कोणते विष ते डॉक्टरला कळले तरच उतारा देता येतो. डबा न नेल्याने वेळ गेला असे पुष्कळांच्या बाबतीत झाले आहे.

सल्ल्याची देवाणघेवाण कशी असावी याचा नमुना महाराष्ट्रातच आहे, आणि तो फोनच्या पुष्कळ आधीचा आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. १९६०च्या दशकापासून त्यांनी प्रयोग परिवार उभा केला. त्यात द्राक्षवाले होते, साधे शेतकरी होते. पत्रे लिहायची, एकमेकांच्या बागा पाहायच्या, आणि सांगायचे ते मोजून सांगायचे. छाटणी कोणत्या तारखेला, पाने किती ठेवली, घड किती ठेवले, माल किती निघाला. ‘भरपूर आले’ हे उत्तर तिथे चालत नसे. तासगावच्या शेतकऱ्यांनी निवडलेली द्राक्षे आज देशभर खाल्ली जातात, त्यामागे या मोजण्याचा आणि मोजलेले सांगण्याचा वाटा मोठा आहे.

कोणी म्हणेल, ते बागायतदार. हाती पैसा, विहिरीला पाणी. खरे आहे. ज्याच्या पिकाला भाव आहे त्याला प्रयोग परवडतो, हे तर आपली चळवळ किती वर्षे सांगते आहे. पण मोजायला पैसे लागत नाहीत. आणि कोरडवाहूला मोजण्याची गरज जास्त आहे, कारण आपल्याकडे एक वावर दुसऱ्यासारखे नसते. ज्वारीचेच बघा. फोनवर फोटो येतो: रब्बीची ज्वारी, मूठभर जाड कणीस, खाली वाणाचे नाव, बस. जमीन कोणती ते नाही. फुले वसुधा ही भारी, खोल जमिनीची ज्वारी. ती मुरमाड रानात पेरली तर फेब्रुवारीत ओल संपते आणि दाणा भरत नाही. हलक्या जमिनीला फुले अनुराधा आहे. दोन्ही वाणे चांगली, पण फोटोखाली जमीन न लिहिल्यामुळे एक माणूस वर्षभर बुडतो. तारखेचेही तसेच. रब्बी ज्वारी पंधरा सप्टेंबर ते पंधरा ऑक्टोबरमध्ये पडली तर खोडमाशीचा त्रास कमी. उशीर झाला की पोंगे मर वाढते. मग ज्याची ज्वारी साधली त्याने पेरणीची तारीख सांगायला नको का? बियाण्याला किलोला चार ग्रॅम गंधक चोळले की काणी टळते. ही शिफारस जुनी आहे आणि खर्च नावापुरता. ती कोणाच्या फोनवर आल्याचे आम्ही अजून पाहिले नाही. विकणाऱ्याला तिच्यात काय मिळणार?

पावसाच्या संदेशांबद्दल फार बोलत नाही, तुम्हीच अनुभवी आहात. अमुक तारखेला जोरदार पाऊस, पेरते व्हा. त्यात साल नसते. मागच्या वर्षीचा संदेश यंदा फिरतो आणि दुबार पेरणी होते. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस पडून ओल खोल गेल्याशिवाय कपाशीचे पाकीट फोडू नका, मग फोन काहीही म्हणो.

दुव्यांचे मात्र सांगितलेच पाहिजे, कारण यात पिकाआधी खात्यातले पैसे जातात. पीएम किसानच्या नावाने, कर्जमाफीच्या नावाने, पीक विम्याच्या नावाने फाईल येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. ती दाबली की फोनचा ताबा चोराकडे जातो आणि ओटीपी त्यालाच वाचता येतो. ती पाठवणारा बहुधा तुमचा ओळखीचाच असतो. त्याचा फोन आधीच गेलेला असतो आणि त्याच्या नावाने ती फाईल सगळ्या ग्रुपवर जाते. म्हणून ‘भाऊने पाठवली आहे’ हा पुरावा धरू नका. सरकारी अ‍ॅप घ्यायचे तर प्ले स्टोअरवर स्वतः नाव शोधून घ्या, कोणी पाठवलेल्या फाईलवरून नको. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. चांगलेही आहे फोनवर. हवामान खात्याचे मेघदूत आहे, वीज पडण्याचा इशारा देणारे दामिनी आहे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकटचा क्रमांक २००४ पासून चालू आहे, मराठीत बोलता येते. दामिनी तर ज्याच्या घरचे कोणी पावसाळ्यात गुरे राखते त्याच्या फोनवर असावेच.

आता मायबहिणींकडे वळतो, त्या मागे बसल्या आहेत म्हणून नाही. कपाशी वेचतात त्या. डोमकळी आणि किडके बोंड आधी त्यांच्या हातात येते, कवडी त्या वेगळी काढतात. शिवाय मजुरीला जाणारी बाई आठवड्यात चार-पाच वावरे फिरते. कोणाच्या रानात अळी आहे आणि कोणाच्या नाही, हे गावात तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. आणि फोन कोणाच्या खिशात? शेतकऱ्यांच्या ग्रुपवर बायांची नावे किती, मोजून बघा. गावातला सगळ्यात पक्का निरीक्षक बाहेर ठेवून आपण तिकडून आलेले व्हिडिओ बघत बसतो.

फसलेलेही सांगितले पाहिजे. साधले त्याचा फोटो येतो, बुडाले त्याचा येत नाही. माणसाला लाज वाटते, गावात हसे होते. पण अमुक पाकीट उगवलेच नाही, अमुक औषधाने पान जळले, हे एकाने आठ दिवस आधी सांगितले तर दहाजणांचे पैसे वाचतात. पाकिटाचा लॉट नंबर आणि पावतीचा फोटो टाका. पुढे तक्रारीला तोच लागतो. आणि चांगली युक्ती ज्याची असेल त्याचे नाव, त्याला विचारून, बरोबर राहू द्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी दीड एकरात निवडून काढलेले एचएमटी धान देशाने खाल्ले. धानाचे नाव झाले, दादाजींच्या पदरात फार काही पडले नाही. २०१८ साली ते गेले.

यंदा काय करायचे ते सांगून थांबतो. प्रत्येक गावात निदान पाच शेतकऱ्यांनी पेरणीनंतर पंचेचाळीस दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. गंधगोळी लेबलावर दिलेल्या मुदतीत बदलावी. रोज सकाळी पतंग मोजायचे आणि ग्रुपवर एवढेच लिहायचे: नाव, शिवार, तारीख, पेरणीची तारीख, पतंग किती. एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सलग तीन रात्री आले, की त्या वावरातली वीस हिरवी बोंडे फोडायची, झाडामागे एक. दोनात अळी निघाली तर फवारणीची वेळ आली. आकडा शून्य असला तरी लिहायचा. शून्य हीसुद्धा बातमी आहे, तिने एक फवारणी वाचते. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी तोच आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने. फळ्यावर लिहिणारी वेचणीला जाणारी बाई असेल तर उत्तम.

सापळे मागवायचे आहेत. ज्या गावांची पाच नावे तयार आहेत त्यांनी ती जेवणाआधी मंचाजवळच्या टेबलावर लिहून द्यावीत. नावापुढे जमीन हलकी की भारी तेही लिहा.