अपघात कमी झाले, पण कशामुळे?

टोरांटो विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक राहिलेले एझ्रा हाउअर यांनी एक प्रश्न कधीच सोडला नाही. उपायानंतर अपघात कमी झाले, पण ते त्या उपायामुळेच, हे कशावरून?

एक चौक घ्या. तिथे वर्षाला सरासरी तीन अपघात होतात. एखाद्या वर्षी निव्वळ योगायोगाने सात झाले. वर्तमानपत्रांत ओरड झाली, गतिरोधक आले, पट्टे रंगवले. पुढच्या वर्षी पुन्हा तीन. श्रेय रंगाला मिळाले! प्रत्यक्षात काहीही केले नसते, तरी आकडा बहुधा खालीच आला असता. ताप उतरणीला लागल्यावर दिलेला काढा नेहमीच गुणकारी ठरतो, तसेच हे. आणि यात नुकसान नुसत्या पैशाचे नाही. त्याच वर्षी योगायोगाने शांत राहिलेला, पण खरोखर धोक्याचा चौक यादीतून सुटतो आणि तिथे माणसे मरत राहतात.

यावर हाउअर यांनी वाट दाखवली. एखाद्या जागेचा स्वतःचा आकडा एकटा धरायचा नाही. तेवढीच वाहतूक असलेल्या, तशाच बांधणीच्या इतर रस्त्यांवर किती अपघात अपेक्षित असतात, तेही हिशेबात घ्यायचे. दोन्हींना योग्य वजन देऊन अंदाज बांधायचा आणि उपायानंतरचा आकडा त्याच्याशी ताडायचा. १९९७ सालच्या त्यांच्या ग्रंथात हे सविस्तर आले आहे. २०१०च्या अमेरिकी ‘हायवे सेफ्टी मॅन्युअल’नेही हीच रीत स्वीकारली.

त्याच १९९७ साली टोरांटोजवळचा महामार्ग ४०७ सुरू होण्याआधी त्याच्या सुरक्षिततेविषयी शंका निघाल्या. तपासणी समितीत हाउअर होते. रस्ता मानकांनुसार आहे ना, मग सुरक्षितच, हा युक्तिवाद त्यांनी कधी मानला नाही. उदाहरणार्थ, चढाच्या माथ्यावर रस्त्याचा उभा बाक किती लांब ठेवायचा, हे अमेरिकेत बराच काळ १५ सेंटिमीटर उंचीची वस्तू चालकाला वेळेत दिसावी, या हिशेबाने ठरत असे. अशा वस्तूंना धडकून किती अपघात होतात, याचा त्या नियमाला आधार नव्हता, यावर त्यांनी बोट ठेवले. मला स्वतःला त्यांच्या कामातला हा भाग सर्वांत धाडसी वाटतो. स्वतःच्याच व्यवसायाच्या नियमपुस्तकाकडे पुरावा मागायला छाती लागते.

आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० माणसे दगावली, की तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. म्हणजे निवड होते ती वाढलेल्या आकड्यांवरूनच. ३ वर्षांच्या मुदतीने योगायोगाचा जोर कमी होतो, पण संपत नाही.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. तुमच्या गावाजवळचा ब्लॅक स्पॉट ‘दूर झाला’ असे जाहीर होईल, तेव्हा दोन गोष्टी लेखी मागा: आधीच्या आणि नंतरच्या किती वर्षांचे आकडे मोजले, आणि हात न लावलेल्या तशाच जागांवर त्या काळात काय घडले.