फळी वाचायला शिका: घरच्या घरी लाकडी धनुष्य

हेडफोन लावलेत ना? आज बोलूया दुकानातल्या साध्या फळीपासून धनुष्य बनवण्याबद्दल. त्यातही फळी निवडायची कशी आणि कापायची कशी, कारण निम्मं काम तिथेच होतं किंवा बिघडतं.

मला हा छंद लागला अमेरिकेत, शिकायला होतो तेव्हा. तिथे बांधकामाच्या सामानाच्या दुकानात रेड ओकची ६ फुटी फळी सहज मिळते. लेबलवर १ बाय २ इंच लिहिलेलं असतं, पण टेप लावली की भरते पाऊण बाय दीड. रंधा मारून विकतात ना, म्हणून. धनुष्याला तेवढी पुरते.

माझी पहिली फळी मी देखणी म्हणून उचलली. मस्त नागमोडी रेघा! धनुष्य तयार झालं, दोरी २० इंचांपर्यंत खेचली आणि फाट्! वरचा तुकडा उडून शेजारी उभ्या रूममेटच्या चष्म्यावर. काच गेली, डोळा वाचला. तो हसत होता. मला मात्र रात्रभर झोप नाही.

चुकलं काय? धनुष्य वाकतं तेव्हा लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबलं जातं. लाकडाचे धागे लांबीच्या दिशेने धावतात. रेघ मध्येच कडेबाहेर गेली, तर तिथे धागा आधीच कापलेला असतो. ताण आला की चीर तिथूनच सुटते.

म्हणून फळी हातात घेऊन वाचा. रुंद बाजूवरच्या रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ हव्यात. मग अरुंद बाजू बघा, तिथेही तसंच. रुंद बाजूवर कमानीसारखी टोकदार नक्षी दिसली, की रेघा जाडीतून बाहेर पडतायत असं समजा आणि फळी परत ठेवा. गाठ दिसली, परत ठेवा. शेवटी टोकाला डोळा लावून पीळ तपासा. दुसऱ्या वेळी मी दोन तास फळ्या उलटल्या आणि रिकाम्या हाताने घरी आलो. लाज वाटू देऊ नका!

आता कापणं. आधी लांबीच्या मधोमध खूण करा, तिथे मूठ. मूठ वाकता कामा नये, म्हणून पोटाकडून जास्तीचा तुकडा चिकटवा. दोन्ही हात निम्म्यापर्यंत पूर्ण रुंद ठेवा, पुढे टोकाकडे अर्ध्या इंचापर्यंत निमुळते करा. करवत रेषेच्या जरा बाहेरून चालवा, उरलेलं कानशीने. पाठीला हात लावायचा नाही, फक्त तिच्या कडा गोल करा. लाकूड काढायचं ते पोटाकडून.

आणि हळू! रुंदी निम्मी केली तर कडकपणा निम्मा होतो, पण जाडी निम्मी केली तर एक अष्टमांश उरतो. जाडी फक्त १० टक्के कमी केली, तरी कडकपणा २७ टक्क्यांनी जातो. म्हणून चार फटके मारा, धनुष्य थोडं वाकवा, दोन्ही हात सारखे वाकतायत का बघा, मग पुढचे चार.

महाराष्ट्रात करत असाल तर वखारीत सुकलेलं लाकूडच मागा. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि धनुष्य वाकडंच राहतं.

शेवटचं: पहिल्यांदा पूर्ण खेचताना डोळ्यांवर गॉगल, आणि शेजारी कुणीही नाही. मित्रसुद्धा नाही.

भेटूया पुढच्या भागात!