थांब्यांची गणती आणि नकाशाची साक्ष

हुबळी आणि धारवाड ही दोन शहरे १९६२ साली एका महानगरपालिकेच्या छत्राखाली आली. परंतु त्यांस खऱ्या अर्थाने एकत्र बांधले आहे ते त्यांच्यामधील सुमारे वीस किलोमीटरांच्या रस्त्याने. पुणे-बंगळूर मार्गाचा हा जुना तुकडा. अद्यापही लोक त्यास ‘पी. बी. रोड’ या नावानेच ओळखतात. सकाळ झाली की धारवाडचा व्यापारी व नोकरदार हुबळीकडे निघतो, आणि हुबळीचा विद्यार्थी, पक्षकार व कारकून धारवाडकडे. २०१८ च्या ऑक्टोबरात याच रस्त्यावर स्वतंत्र मार्गिकेतून धावणाऱ्या शीघ्र बससेवेची चाचणी सुरू झाली व २०२० च्या फेब्रुवारीत तिचे रीतसर उद्घाटन झाले. तिच्या गाड्यांस ‘चिगरी’ हे कानडी नाव देण्यात आले. चिगरी म्हणजे चपळ हरिण. मार्गिकेची लांबी सुमारे बावीस किलोमीटर असून तिची स्थानके रस्त्याच्या मधोमध बांधलेली आहेत. याखेरीज वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाच्या साध्या गाड्या आहेत, त्यांचे थांबे रस्त्याच्या कडेस आहेत.

कोणत्या थांब्यावर किती माणसे चढली व किती उतरली, हा प्रश्न वरवर पाहता शुष्क वाटतो. परंतु कोणत्या मार्गावर फेऱ्या वाढवाव्या, कोठे निवारा बांधावा, कोणता थांबा गाळावा, हे सारे या आकड्यांवरूनच ठरते. २०२३ च्या ११ जूनपासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजना अमलात आली आणि राज्यातील रहिवासी स्त्रियांस साध्या बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास मिळू लागला. वाहक अशा स्त्रीस शून्य मूल्याचे तिकीट देतो आणि त्या तिकिटांच्या आधारे शासन महामंडळास भरपाई करते. पूर्वी तिकिटांची नोंद व वाहकाच्या पिशवीतील रोकड यांचा मेळ घालता येत असे. शून्य तिकिटाच्या बाबतीत ती रोकडच नाही. म्हणजे गणतीस महत्त्व आले, आणि तिला पडताळणारा एक जुना साक्षीदार मात्र कमी झाला. अशा वेळी दुसरा साक्षीदार शोधावा लागतो. तो साक्षीदार म्हणजे नकाशा.

आकड्यांचा कोष्टकी कागद वाचताना डोळ्यास चूक सहसा दिसत नाही. एका ओळीत थांब्याचे नाव, पुढे अक्षांश-रेखांश, त्यापुढे चढणारे व उतरणारे प्रवासी. अशा शेकडो ओळी एकीखाली एक असल्या म्हणजे सर्वच ओळी सारख्याच विश्वासार्ह वाटू लागतात. तेच आकडे नकाशावर मांडले, प्रत्येक थांब्यावर प्रवाशांच्या संख्येच्या प्रमाणात लहानमोठे वर्तुळ काढले, तर विसंगती आपण होऊन पुढे येते. याकरिता पूर्वी नकाशाखात्याचे कागद व कुशल हात लागत. आज क्यूजीआयएससारखे विनामूल्य साधन आणि ओपनस्ट्रीटमॅपसारखा लोकांनी मिळून रचलेला नकाशा साध्या संगणकावर उपलब्ध आहे.

पहिली तपासणी जागेची. हुबळी सुमारे १५.३६ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.१२ अंश पूर्व रेखांशावर वसलेली आहे. लिहिताना या दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर हुबळीचा थांबा नॉर्वेच्याही उत्तरेस, स्वालबार्डच्या अलीकडील थंड समुद्रात जाऊन पडतो. रकाने रिकामे राहून संगणकाने तेथे शून्य धरले, तर तोच थांबा आफ्रिकेच्या पश्चिमेस गिनीच्या आखातात बुडतो. या चुका हास्यास्पद असतात, म्हणूनच निरुपद्रवी. त्या तत्काळ सापडतात. अधिक घातक असतात त्या लहान चुका. १५ अंश २१ कला ५३ विकला हे माप कोणी सरळ १५.२१५३ असे लिहिले, तर थांबा सोळा-सतरा किलोमीटर दक्षिणेस सरकतो व शेतात जाऊन उभा राहतो. दशांशाची दोनच स्थाने ठेवली, तर एका शतांश अंशात सुमारे ११०० मीटर मावतात. मग शेजारशेजारचे दोन-तीन थांबे एकाच बिंदूवर गोळा होतात. थांबे मार्गाच्या क्रमाने रेषेने जोडून पाहिले की असा चुकलेला थांबा लपू शकत नाही. रेषा एकाएकी रस्ता सोडून दूर जाते व परत येते. तिचे ते टोक चुकीवर बोट ठेवते.

दुसरी तपासणी नावांची. हुबळीत विद्यानगर आहे, धारवाडात विद्यागिरी आहे, आणि दोन्ही याच रस्त्यावर आहेत. जुने बसस्थानक म्हटले तर ते हुबळीचे की धारवाडचे, हे नावावरून कळत नाही. शहराचे अधिकृत नाव २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून हुब्बळ्ळी झाले. पण जुन्या नोंदींत हुबळी आहे, आणि कानडी नावे इंग्रजी लिपीत उतरवताना प्रत्येक कारकुनाची लेखनपद्धती निराळी. परिणामी एकच थांबा दोन नावांनी दोनदा नोंदला जातो, अथवा दोन थांब्यांचे प्रवासी एका नावाखाली जमा होतात. रेल्वे स्थानकाचेच उदाहरण घ्यावे. हुबळीच्या श्री सिद्धारूढ स्वामीजी स्थानकाचा २०२३ साली लोकार्पण झालेला फलाट १५०७ मीटर लांबीचा, जगातील सर्वांत लांब म्हणून प्रसिद्ध आहे. दीड किलोमीटर फलाट असलेल्या स्थानकाच्या बाबतीत ‘रेल्वे स्थानक’ एवढेच लिहून जागेचा निर्णय होत नाही. कोणत्या प्रवेशद्वारापाशी, हेही सांगावे लागते.

तिसरी तपासणी सर्वांत नाजूक आहे. ती आकड्यांच्या वागणुकीची. रस्त्याच्या दोन्ही कडांस एकाच नावाचे दोन थांबे समोरासमोर असतात. उपग्रहाच्या साहाय्याने नोंदलेले गाडीचे स्थान काही मीटरांनी जरी ढळले, तरी ‘जवळचा थांबा’ निवडणारे यंत्र धारवाडकडे जाणारा प्रवासी हुबळीकडील थांब्यावर चढवून मोकळे होते. नकाशावर एका कडेस फुगलेले वर्तुळ आणि समोरच्या कडेस ठिपका दिसला की ही शंका घ्यावी. तसेच वाहकाच्या तिकीटयंत्रात थांबा नसतो, टप्पा असतो. गर्दीच्या वेळी त्याने टप्पा पुढे सरकवला नाही, तर उणकलला चढलेले प्रवासी विद्यानगरच्या खात्यावर पडतात. एका वर्तुळाचा फुगवटा व त्यालगतच्या वर्तुळाचा अभाव अशी जोडी नकाशावर लगोलग डोळ्यांत भरते. त्याबरोबर साधा जमाखर्चही करावा. एका फेरीत चढलेले व उतरलेले यांची बेरीज शेवटी समान आली पाहिजे, आणि वाटेत कोठेही गाडीतील प्रवाशांची संख्या शून्याखाली जाता कामा नये.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नकाशावर जे वेगळे दिसते ते सर्व चुकीचेच असते, असे नव्हे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडली आणि मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवती दाटलेले दाखविले. परंतु पंपाजवळच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील कामगार वाचले होते, आणि दूर हॅम्पस्टेड येथील एक विधवा मात्र दगावली होती. हे दोन अपवाद चुका म्हणून पुसून टाकले असते, तर मोठा पुरावा हातचा गेला असता. चौकशीअंती कळले की कामगार त्या पंपाचे पाणी पीतच नसत, आणि त्या विधवेकडे तेच पाणी मुद्दाम नेले जात असे. अपवादांनीच सिद्धांत बळकट केला.

हुबळी-धारवाडच्या आकड्यांसही हाच न्याय लावला पाहिजे. सरकारी इस्पितळाच्या थांब्यावर सकाळी उतरणारे अधिक व चढणारे थोडे, ही चूक नव्हे. बाह्यरुग्ण विभागाची ती वेळ आहे. उणकल तळ्याजवळ रविवारी सायंकाळी गर्दी दुणावते, तीही चूक नव्हे. सुटीच्या दिवसांत महाविद्यालयासमोरील थांबा ओस पडतो, म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. नकाशा शंका उपस्थित करतो. निकाल देत नाही. निकालासाठी कोणीतरी वही-पेन्सिल घेऊन, ठरलेल्या वेळी, त्या थांब्यावर प्रत्यक्ष उभे राहावे लागते व माणसे मोजावी लागतात. नकाशाचा खरा उपयोग हा की, शेकडो थांब्यांपैकी नेमक्या कोणत्या दहा-बारा ठिकाणी जाऊन उभे राहावे, हे तो सांगतो.

सापडलेली चूकही गुपचूप दुरुस्त करू नये. मूळ आकडा तसाच ठेवावा, त्याशेजारी दुरुस्त आकडा, कारण व तारीख लिहावी. जो हिशेब आपली खाडाखोड दाखवितो, त्यावरच पुढे येणाऱ्यास विश्वास ठेवता येतो.

एखाद्या लहान थांब्यावर रोज भाजीची टोपली घेऊन उभी राहणारी बाई हे कोष्टक कधी पाहणार नाही. तिचे तिकीट शेजारच्या टप्प्यावर जमा झाले, हेही तिला कळणार नाही. तिला कळेल ते इतकेच की, कालपर्यंत थांबणारी गाडी आज थांबली नाही. कागदावरील शून्य आणि रस्त्यावरील माणूस यांच्यातील हे अंतर ज्यास दिसते, तोच गणतीचे काम करण्यास पात्र होय. आणि ते अंतर दाखविण्यासाठी नकाशाइतका स्वस्त व निःपक्षपाती साक्षीदार दुसरा मिळणे कठीण.