राखण

ज्वारी हुरड्यात आली की आपण माळ्यावर बसून गोफण फिरवतो. राखण सोडली तर कणसांत दाणा उरेल का?

एच.आय.व्ही.च्या औषधाचंही तसंच आहे. गोळीने विषाणू मरून संपत नाही. तो वाढत नाही, एवढंच. म्हणून गोळी रोज, ठरल्या वेळी, जन्मभर घ्यायची.

आमचा एक जुना विद्यार्थी गोळ्या घेऊन चांगला कामाला लागला होता. एका लग्नाला गेला. पाहुणे विचारतील, या लाजेने गोळ्या घरीच ठेवल्या. पुढे 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडूनच दिल्या. वर्षाच्या आत क्षयाने अंथरूण धरले. अशा खंडाने विषाणू धीट होतो. मग जुने औषध त्याला बाधत नाही. डॉक्टरांनी औषध बदलले, तेव्हा पोरगा उठला.

२००४ सालापासून सरकारी ए.आर.टी. केंद्रात हे औषध फुकट मिळते. ते नेमाने घेतले की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत दिसत नाही. तसाच दबून राहिला, तर नवराबायकोच्या संबंधातूनही लागत नाही. तरी गोळी सोडायची नाही.

त्या लग्नात आम्हीही होतो. त्याला लाज वाटली ती आपल्यासारख्यांचीच. गोळी त्याने घ्यायची. ती चारचौघांत घेता येईल, असं वागणं आपलं काम.